टीएफटी डिस्प्ले मधूनच पांढरा पडतो, रिसेट दाबलं की चालतो : तपासणी आणि इलाज

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. आर्डुइनो ऊनो किंवा नॅनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डला १.८ इंची रंगीत टीएफटी डिस्प्ले जोडला, टेबलावर दिवसभर छान चालला. मग तो डब्यात बसवून चिकोडी-निपाणीकडच्या उसाच्या मळ्यात पंपाच्या स्टार्टरशेजारी लावला, किंवा बेळगावात उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान दाखवायला लावला, की एक-दोन दिवसांत डिस्प्ले कोरा पांढरा. करंट काढून पुन्हा दिला की चालू, संध्याकाळी पुन्हा पांढरा. मग आधी लायब्ररी बदलली जाते, नंतर डिस्प्ले, शेवटी अख्खा बोर्ड. तक्रार मात्र जागच्या जागी राहते, कारण दोष बहुतेक वेळा या तिन्हींत नसतोच. तो सप्लायमध्ये, सिग्नलच्या व्होल्टेजमध्ये, रिसेटच्या वायरीत किंवा शेजारी चालू-बंद होणाऱ्या कॉइलमध्ये असतो.

पुढचं विवेचन एसटी७७३५ कंट्रोलरच्या १२८ × १६० पिक्सेलच्या लाल पट्टीवाल्या (लाल सर्किट बोर्डच्या) एसपीआय डिस्प्लेला, म्हणजे क्लॉकच्या तालावर एकेक बिट घेणाऱ्या डिस्प्लेला, धरून केलं आहे, कारण सगळ्यात जास्त तोच वापरला जातो. एसटी७७८९ आणि आयएलआय९३४१ हे दुसरे कंट्रोलर जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे.

पांढराच का पडतो

डिस्प्लेच्या काचेला चिकटलेला कंट्रोलर स्वतंत्र चिप आहे आणि त्याची स्वतःची मेमरी आहे. बोर्ड सुरू होताना आर्डुइनो त्याला एकदाच सूचनांची माळ पाठवतो: झोपेतून उठ, रंग १६ बिटचे घे, चित्राची दिशा अशी ठेव, डिस्प्ले चालू कर. त्यानंतर फक्त पिक्सेल जातात. मध्येच व्होल्टेजला खड्डा पडला किंवा रिसेटच्या वायरीवर एखादा झटका आला, तर कंट्रोलर ती सगळी मांडणी विसरतो आणि करंट दिल्यानंतरच्या मूळ अवस्थेत, म्हणजे झोपेत जातो. बॅकलाइटची वायर वेगळी असल्याने मागचा उजेड चालूच राहतो. हे १.८ इंची पॅनेल टीएन जातीचं असतं. त्याला व्होल्टेज मिळालं नाही की ते उजेड अडवत नाही. म्हणून पांढरं.

आर्डुइनोला यातलं काहीच कळत नाही. तो बिचारा दर सेकंदाला नवं तापमान पाठवत राहतो आणि ते झोपलेल्या कंट्रोलरकडे जाऊन पडतं. रिसेट दाबला की सूचनांची माळ पुन्हा जाते आणि डिस्प्ले जागा होतो. म्हणजे ‘रिसेट दाबल्यावर चालतो’ हेच अर्धं निदान आहे: वायरी योग्य पिनांवर आहेत, लायब्ररी बरोबर आहे, काच शाबूत आहे. फक्त मांडणी पुसली गेली.

१.३ इंची एसटी७७८९ आयपीएस जातीचा असतो आणि त्याचं उलटं असतं. व्होल्टेज नसताना तो उजेड अडवतो, त्यामुळे हाच दोष त्याच्यावर ‘काळा पडला’ असा दिसतो. अंधारात पाहिलं तर कडांना मंद उजेड जाणवतो. डिस्प्ले जळाला असं समजून तो टाकून देण्याआधी एवढं पाहा.

आधी ठरवा: डिस्प्ले झोपला, प्रोग्राम अडकला की बोर्ड रीस्टार्ट झाला

या तीन गोष्टी लांबून सारख्या वाटतात, पण इलाज तिन्हींचे वेगळे आहेत. ओळखायला एक एलईडी पुरतो. ऊनो-नॅनोवरचा १३ नंबरचा एलईडी इथे उपयोगाचा नाही, कारण १३ हीच एसपीआयच्या क्लॉकची पिन आहे. ७ नंबरच्या पिनला ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून वेगळा एलईडी लावा. प्रोग्रामच्या सुरुवातीला तो पाच वेळा झपाझप लुकलुकू द्या आणि नंतर मुख्य लूपमध्ये दर अर्ध्या सेकंदाला चालू-बंद करा. थांबण्यासाठी डिले न वापरता मिलिस वापरा. शिवाय डिस्प्लेच्या एका कोपऱ्यात सुरू झाल्यापासूनचे मिनिटं दाखवा.

स्क्रीन पांढरी आणि एलईडी संथ लयीत चालू असेल, तर फक्त डिस्प्लेची मांडणी गेली आहे. पुढचा बहुतेक मजकूर याच प्रकारासाठी आहे.

एलईडी एकाच स्थितीत थांबला असेल तर प्रोग्राम अडकला आहे. अशा वेळी स्क्रीन बहुधा पांढरी नसते, शेवटचं चित्र तसंच गोठलेलं राहतं. ऊनोवर याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं मेमरी: रॅम फक्त २०४८ बाइट. एसडी लायब्ररी त्यातले ५१२ बाइट एकटी बफरसाठी घेते, आणि स्ट्रिंग जोडत राहिलं की उरलेल्याचे तुकडे होतात. सिरियल प्रिंटमधला ठरावीक मजकूर एफ मॅक्रोमध्ये घातला तर बरीच जागा सुटते. दुसरं कारण आयटूसी सेन्सर, म्हणजे दोन सिग्नल वायरींवरून बोलणारा सेन्सर. त्याच्या लांब वायरीवर झटका आला की ‘वायर’ नावाची आर्डुइनोची लायब्ररी उत्तराची वाट पाहत कायमची थांबू शकते. लायब्ररीच्या नव्या आवृत्त्यांत सेटवायरटाइमआउट आहे, ते वापरा.

मिनिटांचा आकडा शून्यावर आला असेल तर बोर्डच रीस्टार्ट झाला. हा सरळ सप्लायचा दोष. ईएसपी३२ या वाय-फायवाल्या बोर्डवर सिरियल मॉनिटरमध्ये ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज बसल्याचा, संदेश दिसतो. वाय-फाय पाठवताना तो क्षणभर ३०० ते ५०० मिलिअँपिअर ओढतो आणि बारीक, लांब यूएसबी केबलवर तेवढ्यानेच व्होल्टेज बसतं.

सप्लाय

लाल पट्टीच्या मागच्या बाजूला तीन पायांचा छोटा रेग्युलेटर असतो. त्यावर बहुधा ६६२के असं छापलेलं असतं. तो ५ व्होल्टचे ३.३ करतो. त्याच्या शेजारी जे१ नावाचे दोन उघडे पॅड असतात. नियम असा: व्हीसीसीला ५ व्होल्ट देणार असाल तर जे१ उघडा ठेवायचा, ३.३ देणार असाल तर जे१ सोल्डरने जोडायचा. जे१ उघडा ठेवून ३.३ व्होल्ट दिले की रेग्युलेटरला स्वतःला लागणारं व्होल्टेज त्यातूनच जातं आणि कंट्रोलर काठावर चालतो. टेबलावर चालतो, मळ्यात झोपतो, त्याचं हे एक ठळक कारण. उलट चूक जास्त महागात पडते: जे१ जोडलेला असताना ५ व्होल्ट दिले तर ते सरळ कंट्रोलरवर जातात. म्हणून जुना, दुसऱ्याने वापरलेला डिस्प्ले हाती आला तर आधी पाठ फिरवून जे१ पाहा.

स्वस्त नॅनोवर ३.३ व्होल्टची पिन यूएसबीच्या सीएच३४० चिपमधून येते. ती सेन्सरपुरती आहे, बॅकलाइट तिच्यावर टाकू नका. १.८ इंची डिस्प्ले साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर घेतो, त्यातला बहुतेक भाग बॅकलाइटचा. ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनची जाहीर मर्यादाच ५० मिलिअँपिअर आहे. सरळ ५ व्होल्टवर चालवा आणि रेग्युलेटरला त्याचं काम करू द्या.

डब्यात १२ व्होल्टचा अडॅप्टर ऊनोच्या गोल सॉकेटला लावायची पद्धत सर्रास आहे. डिस्प्ले, सेन्सर आणि रिले मिळून १५० मिलिअँपिअर घेत असतील, तर वरचे ७ व्होल्ट ऊनोच्या रेग्युलेटरमध्येच जळतात, म्हणजे एक वॉटच्या वर उष्णता. अथणीकडच्या एप्रिल-मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात तो रेग्युलेटर तापून स्वतःला आवरता घेतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू होतो. दुपारीच बिघडणारा डिस्प्ले असेल तर प्रथम इथे बोट लावून पाहा. चांगला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर थेट ५ व्होल्टच्या पिनवर देणं हा नीट उपाय.

अडॅप्टर जुना ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर लाइनचं व्होल्टेज उतरलं की त्याचं आउटपुटही उतरतं. थ्री फेज पाळीने येते, आणि आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. डायरेक्ट ऑनलाइन स्टार्टरवर मोटार सुरू होताना पूर्ण लोडच्या पाच ते सात पट अँपिअर ओढते. त्या क्षणी लाइन किती बसते ते घरातल्या दिव्यावरही दिसतं. १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग अडॅप्टर) हे सांभाळून घेतो.

साध्या मीटरला असा क्षणिक खड्डा दिसत नाही, तो फक्त सरासरी दाखवतो. मीटरला मिन-मॅक्सची सोय असेल तर ती लावून ठेवा. नसेल तर एक दिवस सगळी जोडणी पॉवर बँकेवर चालवा. तक्रार थांबली तर दोषी अडॅप्टर. फक्त एक लक्षात ठेवा: कमी अँपिअर ओढले तर बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, तो वेगळा दोष समजू नका.

आणि कपॅसिटर. डिस्प्लेच्या व्हीसीसी आणि ग्राउंड पिनांवरच, दूर ब्रेडबोर्डवर नव्हे, १०४ छापलेला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि ४७ ते १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक समांतर लावा. काही रुपयांचं काम आहे आणि करायचं राहतं ते नेमकं हेच.

५ व्होल्टचे सिग्नल

रेग्युलेटर फक्त व्हीसीसीला आहे. क्लॉक, डेटा, सीएस (डिस्प्लेला निवडणारी), डीसी (सूचना की पिक्सेल ते सांगणारी) आणि रिसेट या पाचही वायरी थेट कंट्रोलरवर जातात आणि कंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालतो. ऊनो-नॅनो त्यांच्यावर ५ व्होल्ट टाकतात. डिस्प्ले लगेच जळत नाही. जास्तीचा प्रवाह इनपुटच्या आतल्या संरक्षक डायोडमधून सप्लायमध्ये शिरतो आणि कंट्रोलर वेडावाकडा वागतो. ‘थेट जोडला तरी आमचा चालतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चालतो हे खरंच, पण भरवशाने चालत नाही, आणि मधूनच पांढरा पडण्यात याचा वाटा मोठा आहे.

सोपा उपाय दोन रेझिस्टरचा: आर्डुइनोच्या पिनपासून डिस्प्लेपर्यंत १ किलोओहम, आणि डिस्प्लेच्या पिनपासून ग्राउंडला २ किलोओहम. ५ चे ३.३३ व्होल्ट होतात. २ किलोओहमऐवजी २.२ मिळाला तर ३.४४ होतात, तेही चालतं. असे पाच संच लागतील.

जास्त नेटका उपाय म्हणजे ७४एचसी४०५० ही चिप. तिच्यात सहा बफर आहेत, आपल्याला पाच हवेत. इथे हमखास चूक होते ती सप्लायच्या पिनेत. सोळा पायांच्या चिपला १६ नंबरवर सप्लाय द्यायची हाताला सवय असते, पण या चिपचा सप्लाय १ नंबरच्या पिनेवर आहे; १६ आणि १३ रिकाम्या. ग्राउंड ८ वर. सप्लाय ३.३ व्होल्ट द्यायचा, ५ नव्हे. इनपुट ३, ५, ७, ९, ११ आणि १४. त्यांचे आउटपुट अनुक्रमे २, ४, ६, १०, १२ आणि १५. न वापरलेला सहावा इनपुट, समजा १४, ग्राउंडला बांधा, मोकळा सोडू नका. मॉस्फेटवाले चार वाहिन्यांचे लेव्हल कन्व्हर्टर आयटूसीसाठी चांगले आहेत. एसपीआयच्या वेगाला ते मंद पडतात, म्हणून इथे टाळा.

ईएसपी३२ मुळातच ३.३ व्होल्टचा आहे, त्याला यातलं काही लागत नाही.

रिसेटची वायर आणि बाकीच्या वायरी

एक पिन वाचवायला डिस्प्लेचा रिसेट आर्डुइनोच्या रिसेटला जोडतात आणि प्रोग्राममध्ये त्याचा क्रमांक उणे १ देतात. चालतं, पण मग प्रोग्रामला डिस्प्ले एकट्याला रिसेट करता येत नाही, आणि पुढचा सगळ्यात उपयोगी इलाज हातचा जातो. रिसेट स्वतंत्र पिनेवर घ्या. ऊनोसाठी सीएस १०, रिसेट ९, डीसी ८, डेटा ११, क्लॉक १३ ही मांडणी सोयीची आहे. पिन द्यायचीच नसेल तर डिस्प्लेच्या रिसेटला १० किलोओहमने ३.३ व्होल्टवर वर ओढून ठेवा. मोकळी सोडलेली रिसेटची वायर शेजारच्या कॉइलचा प्रत्येक झटका उचलते.

डिस्प्लेवर एससीएल आणि एसडीए अशी नावं छापलेली असतात. तो आयटूसी नाही. एससीएल म्हणजे क्लॉक आणि एसडीए म्हणजे डेटा, तेही एसपीआयचे. ए४-ए५ वर जोडलेला डिस्प्ले पहिल्या क्षणापासून पांढराच राहील.

जंपर वायरी १० ते १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. ऊनोचा एसपीआय जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि लांब वायरीवर त्या वेगाला क्लॉकच्या कडा खराब होतात. एखादा बिट जास्तीचा मोजला गेला की चित्र सरकतं, आकडे तुटतात, कधी पिक्सेलच सूचना म्हणून वाचले जातात. खात्री करायला सेटएसपीआयस्पीडने वेग १० लाख हर्ट्झवर आणा. बिघाड थांबला तर दोष वायरींत आहे. ईएसपी३२ वर तर २७ किंवा ४० मेगाहर्ट्झ सर्रास लावतात, आणि एसटी७७३५ ची कागदावरची मर्यादा साधारण १५ मेगाहर्ट्झची आहे. तिथे वेग कमी करणं हाच पहिला प्रयोग.

खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वेगळीच गंमत होते. हवेतला ओलावा महिनोन् महिने हटत नाही, जंपरच्या पत्र्याच्या टोकांवर थर चढतो, आणि संपर्क इतका काठावर येतो की डब्याचं झाकण लावलं तरी डिस्प्ले पांढरा. बोटाने एकेक वायर हलवून पाहा. कोणत्या वायरीला स्क्रीन बिघडते ते लगेच कळतं. कायम बसवायच्या जोडणीत जंपर नकोतच. झीरो बोर्डवर पिना सोल्डर करा, फ्लक्सचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून काढा (तोच ओलावा धरून ठेवतो), आणि वाळल्यावर वॉर्निश मारा. डिस्प्लेची काच आणि सॉकेट वॉर्निशपासून झाकून घ्या.

कॉन्टॅक्टर आणि रिले

पंप सुरू किंवा बंद होतानाच डिस्प्ले जात असेल तर शोधाशोध करायला नको. कॉइल सोडताना तिच्यातली साठलेली ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका देऊन बाहेर पडते, आणि हा झटका बंद करताना जास्त असतो. म्हणून ‘पंप बंद केला की डिस्प्ले गेला’ हे कॉइलचं लक्षण, आणि ‘सुरू केला की गेला’ हे बहुधा व्होल्टेज बसल्याचं. हा फरक नीट विचारून घेतला तर अर्धं काम होतं.

डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू धनाकडे. तयार रिले बोर्डावर तो आधीच असतो. पण त्या बोर्डावरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढून कॉइलला वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय दिला आणि दोन्हींचे ग्राउंड जोडले नाहीत, तरच ऑप्टोकपलरचा (उजेडातून सिग्नल नेऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या चिपचा) उपयोग होतो. जंपर ठेवून ‘आमचा रिले ऑप्टोवाला आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर आरसी सप्रेसर लागतो. २३० व्होल्टच्या कॉइलला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर एकामागे एक जोडून कॉइलच्या दोन टोकांना समांतर लावतात. पण शेतीच्या स्टार्टरमधली कॉइल बहुतेक ४१५ व्होल्टची असते. तिथे २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर लावू नका. कॉन्टॅक्टर ज्या कंपनीचा, तिचाच त्या व्होल्टेजचा सप्रेसर घ्या. हे काम मेन बंद करून, वायरमनच्या हातूनच करून घ्या. थ्री फेजचं पॅनेल हौसेने उघडायची जागा नाही.

डिस्प्लेच्या वायरी पॉवरच्या वायरींना बांधून नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. डबा पत्र्याचा असेल तर त्याला अर्थिंग द्या.

प्रोग्राममधली राखण

वरचं सगळं केल्यावरही वर्षातून एखादा झटका येणारच, आणि मळ्यात रात्री रिसेट दाबायला कोण जाणार? म्हणून डिस्प्ले स्वतःहून उठला पाहिजे. दोन ठिकाणी त्याला पुन्हा सुरू करा: रिले चालू किंवा बंद केल्यावर ३०० मिलिसेकंद थांबून, आणि एरवी दर दहा मिनिटांनी. पुन्हा सुरू करणं म्हणजे सूचनांची माळ पाठवणारं लायब्ररीचं इनिटआर हे फंक्शन पुन्हा बोलावणं. रिसेट स्वतंत्र पिनेवर असेल तर लायब्ररी तोही दाबून सोडते आणि उठण्यासाठी लागणारा वेळ देते. इनिटआर झाल्यावर सेटरोटेशन पुन्हा द्यावंच लागतं, नाहीतर आडवी स्क्रीन उभी होऊन येते. आणि चित्र सगळं नव्याने काढावं लागतं, म्हणून चौकट, नावं, आकडे काढण्याचं काम पहिल्यापासून एका वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. एक क्षण स्क्रीन लुकलुकते, तेवढं सोसावं.

आयएलआय९३४१ च्या डिस्प्लेला एसडीओ ही परतीची वायर असते. ती जोडली तर कंट्रोलरलाच विचारता येतं. हेक्स ०ए ही सूचना वाचली की जागा असलेला डिस्प्ले ९सी किंवा ९४ उत्तर देतो. झोपलेला ०८ देतो. ०० किंवा एफएफ आलं तर वायरच नीट नाही. मग दहा मिनिटांच्या ठोक्याऐवजी दर पाच सेकंदांनी विचारा आणि गरज पडेल तेव्हाच उठवा. १.८ इंची लाल पट्टीवर ही वायर बाहेर काढलेली नसते.

ही राखण वायरिंग दुरुस्त न करता लावू नका. दोष झाकला जाईल, जाणार नाही.

पहिल्यापासूनच चालत नसेल

पिनांच्या पट्टीला सोल्डर नसणं हे सर्वांत जास्त आढळतं. पिना नुसत्या भोकांत टेकवून डिस्प्ले कधीच धड चालत नाही. एसडी कार्डाची जागा वापरत असाल किंवा टच असेल, तर त्यांची सीएस पिन डिस्प्ले सुरू करण्याआधी हाय करा. स्क्रीन पूर्ण काळी आणि उजेडच नसेल तर एलईडी किंवा बीएलके पिनेला सप्लाय नाही. १.३ इंची एसटी७७८९ च्या ज्या डिस्प्लेला सीएस पिनच नाही, त्याला सुरू करताना एसपीआय मोड ३ द्यावा लागतो, आणि त्याच वायरींवर एसडी कार्ड बसवता येत नाही.

लाल हवा तिथे निळा आला किंवा कडेला एक-दोन पिक्सेलची रंगीबेरंगी चरचर दिसली, तर टॅबचा, म्हणजे लायब्ररीत निवडलेल्या डिस्प्लेच्या जातीचा, प्रकार चुकला आहे. कंट्रोलरची मेमरी १३२ × १६२ पिक्सेलची आणि काच १२८ × १६० ची. काच मेमरीच्या कोणत्या कोपऱ्यापासून सुरू होते ते प्रत्येक जातीत वेगळं. इनिटआरला ब्लॅकटॅब, रेडटॅब, ग्रीनटॅब असे तिन्ही देऊन पाहा आणि प्रत्येक वेळी पूर्ण लाल रंग भरून कडेने एक पिक्सेलची पांढरी चौकट काढा. चारही बाजू दिसल्या आणि लाल लालच दिसला की झालं. सगळे रंग निगेटिव्हसारखे असतील तर इन्व्हर्टडिस्प्ले ट्रू द्या. आयपीएस पॅनेलला ते बहुधा लागतंच.

ईएसपी३२ वर कालपर्यंत चाललेला प्रोग्राम लायब्ररी अपडेट केल्यावर पांढरा दाखवू लागला, तर टीएफटी-ईएसपीआय लायब्ररीतली यूझर सेटअप फाइल पाहा. पिना आणि कंट्रोलर याच फाइलमध्ये लिहिलेले असतात आणि अपडेट ती पुसून मूळ मजकूर ठेवतो. आपली फाइल लायब्ररीच्या फोल्डरबाहेर जपून ठेवा. त्या बोर्डावर क्लॉक १८, डेटा २३, सीएस ३३, डीसी २६, रिसेट २५ ही मांडणी निर्धास्त आहे. ६ ते ११ पिना फ्लॅशच्या आहेत, ३४ ते ३९ फक्त इनपुट, आणि १२ नंबरला काही वर ओढलेलं असेल तर बोर्ड सुरूच होत नाही.

मराठी आणि कन्नड अक्षरांच्या जागी कचरा

हा वेगळा दोष, पण सीमाभागात प्रत्येकाला भेटतो, कारण पॅनेलवर ‘पंप चालू’ मराठीतही हवं आणि कन्नडमध्येही. डिस्प्लेवर अक्षरं-चित्रं काढणाऱ्या जीएफएक्स लायब्ररीचा आतला फाँट एका बाइटला एक चिन्ह असा आहे. देवनागरी किंवा कन्नडचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणून एकाच्या जागी तीन विचित्र चिन्हं उमटतात. देवनागरी चिन्हांचा फाँट घातला तरी भागत नाही: वेलांटी जागेवर जात नाही, जोडाक्षर तुटून हलंतासह दिसतं. कन्नडमधले ओत्तक्षरही तसेच फुटतात.

छोट्या बोर्डवर खात्रीचा मार्ग म्हणजे शब्दाचं चित्र. संगणकावर हवा तो शब्द युनिकोड फाँटमध्ये १२८ × २४ पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात लिहा, स्मूथिंग बंद ठेवा, चित्राचे बाइट करून प्रोगमेममध्ये, म्हणजे रॅमऐवजी फ्लॅशमध्ये, ठेवा आणि ड्रॉबिटमॅपने काढा. एका ओळीला ३८४ बाइट लागतात. दोन्ही भाषांत वीस-वीस ओळी धरल्या तरी १५,३६० बाइट. ऊनोच्या ३२ किलोबाइट फ्लॅशमध्ये डिस्प्लेची लायब्ररी धरून बसतात, एसडीची लायब्ररीही हवी असेल तर ओळी कमी करा किंवा ६४ × २४ मध्ये लिहा. आकड्यांना जोडणीची भानगड नाही, त्यामुळे ० ते ९ ची दहा चित्रं, १६ × २४ च्या मापात प्रत्येकी ४८ बाइट, एवढ्यावर तापमान आणि वेळ दोन्ही दाखवता येतात. नवा आकडा काढताना ड्रॉबिटमॅपला अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा असे दोन्ही रंग द्या. म्हणजे जुना आकडा आपोआप पुसला जातो, फिलस्क्रीनने दर वेळी पूर्ण स्क्रीन भरावी लागत नाही आणि लुकलुक थांबते.